पाणी सोडल्यावरची माती

मी निघाले त्या दिवशी बाबा विमानतळावर आलाच नाही. जीप फाटकाशी उभी, आई रडतेय, अर्धं उमेळे गाव गोळा झालेलं, आणि हा आपला केळीत कुदळ घेऊन. "पानी सोडलंय गो. ते टाकून कसा येऊ?" मी फणकाऱ्यानेच जीपमध्ये बसले. वळणावर मागे पाहिलं, तर चिखलात उभा राहून हात हलवत होता. पाट फोडलेला, केळीच्या बुडाशी पाणी, आणि भिजलेली काळीभोर माती.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. अमेरिकेतल्या एका आडगावच्या कॉलेजात चित्रकलेसाठी मला स्कॉलरशिप मिळाली होती. तिथे पेंटिंगच्या जोडीला जीवशास्त्रही घ्यावं लागे. आईला ते कधीच पटलं नाही. "चित्रं काढायला बेडूक कशाला कापायचे?" तिला मी चित्रकलेच्या पहिल्या वर्गाबद्दल तर सांगितलंच नाही. पांढऱ्या दाढीचे एक आजोबा आले, अंगातला झगा काढून खुंटीला लावला आणि आमच्यासमोर तसेच उभे राहिले. तासभर मी त्यांच्या शेजारचं स्टूल तेवढं काढत बसले. आमच्या बाई मागून म्हणाल्या, "समोर आहे ते बघ. न बघता काढलेलं चित्र खोटं."

ते मी फारच मनावर घेतलं. शेवटच्या वर्षी मोठं चित्र काढायचं ठरलं ते आमच्या केळीच्या वाडीचं, निघतानाच्या त्या सकाळचं. पण वाडी समोर कुठे होती? मग दर आठवड्याला कॉलिंग कार्डावरून फोन आणि बाबाची उलटतपासणी. विहिरीचा कठडा कुठे खचलाय? सुपारीची सावली कुठवर येते? "थांब, बघून येतो," म्हणत तो रिसीव्हर खाली ठेवायचा. पावलं लांब जायची, परत यायची. "पायरीपर्यंत आलीय."

चार वर्षांनी पहिल्यांदा परतले, तेव्हा बाबा विमानतळावर हजर.

"आज पानी नाय सोडलंस?" मी चिडवलं.

"नाय," एवढंच म्हणून त्याने बॅग उचलली.

टॅक्सी थांबली एका चार मजली बिल्डिंगसमोर. मला वाटलं ड्रायव्हर चुकला. पण बाबा सामान उतरवत होता. फाटक नव्हतं, केळी नव्हत्या, काहीच नव्हतं. मी पार हादरले. "विहीर?" असं विचारलं तर त्याने स्कूटरी लावल्या होत्या तिकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या ब्लॉकमध्ये आईने सांगितलं. चुलत्यांनी आपापल्या वाड्या बिल्डरला दिल्या, सगळीकडे भराव पडला, आमच्या विहिरीचं पाणी बिघडलं. शेवटी आम्हीही दिली. "दोन वर्सं झाली. तुझा अभ्यास व्हता, म्हनून नाय सांगितलं." फोनचा नंबरसुद्धा तोच राहिला होता, मग मला संशय येणार कसा?

"बाबा, मग तू फोन ठेवून काय बघून येत होतास?" मी ओरडलेच.

"गॅलरीत जायचा," आई म्हणाली. "जरा उभा रायचा. मग येऊन सांगायचा तुला."

माझा राग जागच्या जागी विरला. काय करावं ते सुचेना, म्हणून सोबत आणलेल्या चित्राची गुंडाळी सोडून फरशीवर पसरली. बाबा उकिडवा बसला. बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता हा रडणार.

"पानी सोडलंय ना यात?"

"हो."

"मग माती अशी फिकी कशी? काळी कर."

मी रंग काढले, तिथेच. तो शेजारी बसून "अजून, अजून" म्हणत होता.

तुमच्यातले जे माझ्यासारखे दूर गेलेत, त्यांना घर म्हटलं की काय आठवतं, कोण जाणे. मला ती फरशी आठवते. खाली विहिरीवर स्कूटरी उभ्या होत्या, आणि वर तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं केळीला पाणी सोडत होतो.