छतावरची चार भोकं

पालममध्ये सोलरचं दुकान आधी मी टाकलं. मागून दुसऱ्या एकानं टाकलं, आणि मी भाव पाडूनही गिऱ्हाईक त्याच्याकडंच जातं. हा बाबा पॅनल बसवला की छतावर घागरभर पाणी ओततो आणि स्वतः आत, बरोबर पॅनलसाठी पाडलेल्या भोकांखाली उताणा पडतो. म्हणतो, "गळलंच तर आधी माझ्या तोंडावर गळू द्या."

एका गुरुजींनी नव्या टेम्पोत फिरतं घर केलं. त्यावर पॅनल मी बसवले. छत गळलं, तसे गुरुजी त्याच्या दारात. पलीकडच्या हॉटेलात मी चहा पीत होतो.

"त्यानं काम बिघडवलं ना रे?" गुरुजींनी माझ्याबद्दल विचारलं.

"न्हाई गुरुजी, पत्राच हलका हाय," म्हणत तो मी पाडलेली भोकं बुजवायला बसला.

पत्रा चांगला जाड होता. त्यानं शिवी दिली असती तर भांडलो असतो. आता रोज आधी रामराम मला घालावा लागतो.