फेझच्या गल्लीत ऐकलेलं ‘बालक’

आमच्या महाराजांकडे पासपोर्ट नव्हता. मोरोक्कोतल्या फेझला एकटीनं निघताना मला छळणारी खरी शंका ती होती. पंचवटीतल्या त्यांच्या छोट्या मठात मी तरुणपणापासून जाते आहे. सत्तरीचा म्हातारा येवो की शाळकरी पोर, महाराज सगळ्यांना एकाच शब्दानं हाक मारायचे, ‘बालक!’ त्यांनी देह ठेवला तरी नाशकात ती हाक आपल्या पाठीशी आहे असं वाटायचं. पण नाशिकच्या बाहेर, समुद्रापलीकडे, ती कुठवर पोचणार?

जायचं होतं मैत्रिणीबरोबर. ऐन वेळी सुलभाचा गुडघा रुसला आणि मी हट्टानं एकटीच निघाले. आमचे ‘हे’ ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी सूचनांचा कागद चक्क लॅमिनेट करून माझ्या पर्समध्ये घातला. अनोळखी माणसामागे जायचं नाही, ओसाड बोळात शिरायचं नाही, पासपोर्टची पर्स खांद्यावरून काढायची नाही. म्हणाले, “अगं, ते फेझ आहे, भद्रकाली नाही.”

“नाशकातल्या भद्रकालीच्या बोळांत वाढलेल्या बाईला गल्ली काय चकवणार?” मी म्हणाले. काय तो तोरा!

पोचले त्याच दिवशी दुपारी मी फेझच्या जुन्या शहरात शिरले. गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन घरांच्या भिंतींना लागतील. कानात इयरफोन, त्यात नकाशाची बाई डावीकडे-उजवीकडे सांगत होती. पण पडद्यावरचा निळा ठिपका भिंतींवरून उड्या मारायला लागला, आणि पितळेच्या भांड्यांचं एकच दुकान मला तिसऱ्यांदा भेटलं. तिथे एक हसतमुख गृहस्थ पुढे आला. “इंडिया? नमस्ते! तुमच्या हॉटेलचा रस्ता आज बंद आहे. या, मी सोडतो,” असं मोडक्या इंग्रजीत म्हणाला आणि चालूही लागला. मी निमूट त्याच्यामागे. लॅमिनेट केलेला कागद पर्समध्ये बिचारा गुदमरला असेल.

आधी दुकानं संपली, मग माणसं संपली. बोळावर छप्पर आलं, भर दुपारी अंधार झाला. पुढच्या वळणावर दुसरा एक जण भिंतीला टेकून उभा होता. दोघांची नजरानजर मी पाहिली. “बॅग द्या, जड असेल,” म्हणत गृहस्थानं माझ्या पर्सचा पट्टा धरला. हसू आता कुठेच नव्हतं. तेवढ्यात फोनची बॅटरी संपली आणि कानातली बाई मुकी झाली. मी इयरफोन ओढून काढले. मागे पळावं तर वळणं आठवेनात. मनात एवढंच उमटलं, ‘महाराज, पासपोर्ट नसला तरी चालेल. या.’

“बालक! बालक!”

मागून, खणखणीत, पुरुषी आवाजात. मी सगळं विसरले, पर्सला हिसडा दिला आणि गर्रकन मागे वळले. समोर महाराज नव्हते. कातड्यांचे ढीग लादलेलं एक खेचर सरळ माझ्यावर येत होतं! मी एका दाराच्या चौकटीत अंग चोरलं. खेचर अख्खा बोळ भरून गेलं आणि त्या गृहस्थाला पार वळणापर्यंत रेटत घेऊन गेलं. खेचरवाल्याच्या मागोमाग एक म्हातारी आली, हातात कणकेच्या गोळ्यांनी भरलेली परात. तिनं मला पाहिलं, त्या दोघांना पाहिलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. शब्द एकही कळला नाही, पण सूर थेट आमच्या भाजीबाजारातला. दोघे नाहीसे झाले. मग तिनं धाकट्या सुनेला द्यावी तशी ती परात माझ्या हातांत दिली आणि चल म्हणून खुणावलं. गल्लीतल्या पावाच्या भट्टीवर परात पोचवली, तिथून तिनं मला हाताला धरून मोठ्या वेशीपर्यंत आणून सोडलं. मी वाकून तिच्या पाया पडले. तिला ते फार गमतीचं वाटलं.

हॉटेलातल्या मुलीला सगळं सांगितलं तेव्हा ती हसत सुटली. ‘बालक’ म्हणजे तिथे ‘सांभाळा, बाजूला व्हा’. खेचरवाले दिवसभर तेच ओरडतात.

घरी आल्यावर हे म्हणाले, “म्हणजे तो खेचरासाठी ओरडत होता.”

“हो की,” मी म्हणाले. वाद घातला नाही. ती हाक गल्लीत सकाळपासून चालू असणार. माझ्या कानातली बाई गप्प झाली तेव्हा कुठे मला ऐकू आली.

परवा मठात गेले, महाराजांच्या तसबिरीसमोर बसले आणि माझं मलाच हसू फुटलं. इतकी वर्षं ते ‘बालक’ म्हणत होते आणि मी लाडावत होते. कोण जाणे, तेही तिथल्याच अर्थानं म्हणत असतील: बाजूला हो बाई, मला येऊ दे.