एका घराचे दोन पाट

मोडलेल्या घरांचं लाकूड विकत घ्यायचं आणि विकायचं, हा माझा धंदा. डिचोलीत दुकान आहे, मागच्या खोलीत मी एकटा राहतो. सगळं स्वतः उभं केलं; मये गावातल्या मूळ घरातून एक फळीदेखील आणली नाही.

गणपती मात्र तिथलाच. गेल्या चवथीला सुर्ल्यातल्या एका जुन्या घराचा सौदा लांबला आणि मला उशीर झाला. पूजेला बसायचा मान थोरल्याचा, म्हणजे माझा. पोचलो तर धाकटा भाऊ सोवळं नेसून बसलाही होता. "भटजींना पुढे चार घरं आहेत. तुझी वाट किती बघायची?" म्हणाला. मी अंगणातूनच शिव्या देत परतलो, न जेवता.

आमच्याकडे घरचा पाट आधीच गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडवणाऱ्या चिताऱ्याकडे देतात; मूर्ती त्याच्यावरच घडते. यंदा मी फणसाची फळी काढून पाट केला. कडेने कंपासने फुलं आखली आणि आखूड सुरीने तीन-तीन काप देत त्रिकोणी टवके उचलत गेलो. रागात एक पाकळी लाकडाच्या रेषेच्या उलट कापली, तिचं टोक उडालं. ती बाजू भिंतीकडे जाईल, असं ठरवलं. गणपती माझ्या पाटावर बसला की मला बोलवावंच लागेल, हा माझा हिशोब.

शाळेत गेलो तर भावाने जुना पाट कधीच पोचवलेला. त्यावर मातीचं पोट आणि सोंड तयार.

"ही मूर्ती ह्या पाटावर घे. सांगशील ते देतो," मी चिताऱ्याला म्हटलं.

"हो बाजार न्हय. आता हलयली तर तडो जातलो." त्याने माझ्या कोरीव कामावर अंगठा फिरवला. "बरो केलास रे. पण एका घराचे दोन पाट? वेगळो गणपती पुजतलास? तसा सांग, लहान मूर्ती करतंय."

'हो' ओठांवर आलं होतं. पण वेगळा गणपती म्हणजे वेगळं घर. मूळ घरचा मान कायमचा गेला. आणि माझ्या खोलीत आरतीला दुसरा आवाज कुणाचा?

"भावाक फोन लावू?"

"त्याने लावायला हवा!" मी ओरडलो आणि पाट उचलला.

फोन आला नाही. चवथीला मी दुकान उघडं ठेवलं. त्या दिवशी लाकूड कोण घेणार? दुपारी शेजारच्या घरात आरती सुरू झाली. मी गल्ल्यावर बसूनच टाळ्या वाजवत होतो. रस्त्यावरची एक बाई वळून बघायला लागली, तेव्हा हात खाली घेतले.