तीन शेरांचा टाका

माझ्या मामांइतका संतापी माणूस निजामाच्या उभ्या राज्यात दुसरा नसेल, आणि त्या संतापाचं कारण जवळजवळ नेहमी एखादी गाठ असे. लोक जावयावर चिडतात, तहसीलदारावर चिडतात. मामा गाठींवर चिडत. पायजम्याची नाडी असो की गाईचं दावं, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. माझ्या लग्नात सप्तपदी सुरू होणार तेवढ्यात ते पुढे आले, माझ्या उपरण्याची आणि बायकोच्या शालूची गाठ त्यांनी भटजींच्या देखत सोडली आणि "ही काय गाठ म्हनायची? दोन पावलांत निसटंल," असं म्हणत स्वतः बांधली. संध्याकाळपर्यंत ती कुणालाच सुटेना. शेवटी कात्री आणावी लागली, आणि लग्नाची गाठ कापली म्हणून सासूबाईंनी जे तोंड फिरवलं ते वर्षभर. मला त्याचा राग अजून आहे.

मामा मूळचे सोयगावचे. हैदराबादेत उर्दूतून डॉक्टरी शिकून औरंगाबादच्या दवाखान्यात लागले आणि गुलमंडीच्या बाजारामागे बिऱ्हाड करून राहिले. मीही त्यांच्याकडेच राहत असे. घरात मराठी, रोग्यांशी दखनी आणि संताप अनावर झाला की अस्सल उर्दू, अशी त्यांची वाटणी होती. त्यांची उर्दू कानावर आली की मामी शेजारणीकडे जाऊन बसत. आणि सर्वांत जास्त उर्दू खर्च होई ती हात कापून आलेल्या रोग्यापायी. बोटाच्या आत एक पांढरी, चिवट दोरी असते. तिला कंडरा म्हणतात. ती ओढली गेली की बोट वाकतं. ती तुटली तर त्या काळी वरची चामडी तेवढी शिवून माणसाला घरी पाठवत आणि बोट जन्मभर काडीसारखं ताठ राही. आतली दोरी शिवली तरी टाका निसटतोच, असं सगळे डॉक्टर म्हणत. "टाका निसटतो म्हंजी काय? आम्हाला घालता येत नाय, असं सांगा की सरळ!" मामा ओरडत, आणि समोर कुणी डॉक्टर नसला तर माझ्यावर ओरडत.

मग त्यांनी बकऱ्या धरल्या. निजामी राज्यातली शुक्रवारची सुट्टी आली की मामा खाटकाकडून बकऱ्यांचे पाय घेऊन यायचे. आमच्याकडे कांदासुद्धा चार महिने वर्ज्य, त्यामुळे मामींनी त्यांना परसातल्या पेरूखाली हाकललं होतं. तिथं बसून ते पायांतल्या दोऱ्या सोडवत, कापत, रेशमी धाग्यानं निरनिराळ्या तऱ्हांनी शिवत, आणि फांदीला टांगून खाली वजनं अडकवत. ती वजनं माझ्या नावावर वाण्याकडून मागून आणलेली. ती कशाला लागली हे कळल्यावर वाण्यानं परत घेतली नाहीत, आणि मी साखर आणायला गेलो की तो चारचौघांत माझ्या हातांकडे बघे. मामांना त्याचं काय! सरळ घातलेला टाका अर्ध्या शेराला उसवला, आडवा घातलेला दीड शेराला. "कडब्याच्या पेंढीत दोर नुसता खुपसला तर सरकून हातात येतो," ते मला सांगत. "आडवा वळसा घालून आवळला की अख्खी पेंढी उचलतो. तसंच हाय हे." असे वळसे घेत, गाठ दोन टोकांच्या मधे लपवत त्यांनी एक टाका बसवला आणि तो तीन शेरांना टिकला. "तीन शेर!" हे त्यांनी साऱ्या गुलमंडीला ऐकवलं. दवाखान्यातले मोठे डॉक्टर हसून म्हणाले, "मेलेल्या बकरीला बोट हलवायचं नसतं, डॉक्टर." मामांवर हसायचा हक्क घरच्या माणसांचा होता. या गृहस्थाला तो कुणी दिला?

रेशीम पुरवत ते हिमरू, म्हणजे औरंगाबादचं रेशमी नक्षीचं कापड, विणणारे एक चाचा. धागा चांगला की टाका चांगला यावर दोघांचं आठवड्याला एक कडाक्याचं भांडण ठरलेलं. एके दिवशी कंदिलाची काच पुसताना ती फुटली आणि चाचांच्या उजव्या हाताची तर्जनी आतून कापली. मागावरचा तुटलेला धागा पकडायचा तो याच बोटानं आणि अंगठ्यानं. ते ताठ झालं की विणकराचं विणणं संपलं. मोठे डॉक्टर म्हणाले, चामडी शिवा. मामा म्हणाले, "जबाबदारी माझी." चाचांच्याच रेशमानं त्यांनी दोन तास बसून आतली दोरी शिवली, बोट वाकवून पट्टीत बांधलं आणि बजावलं, "तीन आठवडे हलवायचं नाय."

आठव्या दिवशी चहाच्या दुकानात कुणीतरी डिवचलं, बोट खरंच जुळलंय कशावरून? चाचांनी तिथल्या तिथं पट्टी सोडली आणि पाण्यानं भरलेला लोटा त्या बोटाला अडकवून उचलून दाखवला. मामा धावत पोचले तेव्हा चाचा अभिमानानं हसत होते. "हौ डाक्टरसाब, तीन शेर तुमीच बोले ना? ये लोटा तो दो शेर का बी नै!"

त्या दिवशी मामांना उर्दू सुचली नाही. त्यांनी लोटा काढून घेतला आणि बोट पुन्हा वाकवून पट्टीत बांधलं. जिवंत माणसाची शिवलेली दोरी जुळण्याआधी काही दिवस मऊ पडते, बकरीचे तीन शेर तिला लागू नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. फुशारकीच्या भरात ते सांगायचं राहिलं होतं.

पुढं बोट वाकलं, पण शेवटचं पेर सोडून. चाचा पुन्हा मागावर बसले, त्यांनी मोहल्ल्यात शीरखुर्मा वाटला. मामा मात्र भेटल्या भेटल्या आधी ते बोट हातात घेत आणि पेर दाबून बघत. "अहो, विणतात ना ते!" मी वैतागून म्हणे. "माझ्या तोंडानं घालवलं ते पेर," ते म्हणत. तीन शेर हे शब्द त्यांनी पुन्हा उच्चारले नाहीत. सगळं शहर शाबासकी देत असताना हा माणूस एका पेरासाठी स्वतःला वीस वर्षं छळत राहिला, याचा मला त्यांच्या सगळ्या तऱ्हांपेक्षा जास्त संताप येतो.

मामा गेले तेव्हा निजामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. अंगणात तिरडी बांधून झाली होती. चाचा काठी टेकत आले, उभे राहून बघत राहिले, मग खाली बसून त्यांनी छातीजवळची सुतळी सोडली. "ढिल्ली है. डाक्टरसाब गुस्सा करेंगे," एवढंच म्हणाले आणि त्या अर्धवट वाकणाऱ्या बोटानं पुन्हा बांधली. भटजींसकट कुणीही त्यांना अडवलं नाही.

घाटावर ती गाठ कुणालाच सुटेना. कुणीतरी कात्री मागितली. "कात्री नको, मी सोडवतो," असं म्हणून मी मामांजवळ बसलो. मला काही घाई नव्हती.