उतरणीची खोईन

महिपत मासा धरायचा आणि सोडून द्यायचा. एवढ्या एका गोष्टीपायी गावात त्याची अर्धी चेष्टा होती आणि अर्धा मान. मुंबईत तीस वर्षं त्याने एका इमारतीत लिफ्ट चालवली. तिथल्या सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शेठने त्याला तलावावर नेऊन हा नाद लावला आणि रीळ बसवलेली आखूड काठी देऊन टाकली. गावाला परतल्यावर महिपतने ती पऱ्यांवर चालवली. पऱ्ये म्हणजे वाशिष्ठीकडे धावणारे डोंगरातले ओढे, कुठे घोटाभर, कुठे पुरुषभर. करवंदीच्या जाळीखालून मनगटाच्या एका झटक्यात तो गळाची पितळी फिरकी नेमकी दगडाच्या सावलीत टाकायचा. रीळ फिरवलं की चकती लकाकत यायची आणि खडस मासा तिच्यावर झडप घालायचा. मग फोटो. मग मासा परत पाण्यात.

"धरायचा, मुका घ्यायचा नि सोडायचा," त्याची बायको सुनंदा म्हणायची. "आनि घरात आमी सुकं कोलीम भाजायचं."

पण मान होता तोही उगाच नव्हता. पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारी टोळी त्याने एकट्याने पिटाळली होती. तेव्हापासून पऱ्या राखणारा माणूस म्हणजे महिपत, असं गाव म्हणे. गाव म्हणे ते ठीक. तो स्वतःही म्हणायला लागला, तिथे बिघडलं.

गणपती गेल्यावर, भाद्रपदात, पाणी ओसरत असताना त्याला पऱ्याच्या चिंचोळीत खोईन दिसली. खोईन म्हणजे बांबूच्या चिरलेल्या बेळांची निमुळती टोपली. एकदा आत गेलेला मासा बाहेर येत नाही. दोन्ही बाजूंना दगडांचा बांध घालून वाट तेवढीच ठेवलेली. खोईन बौद्धवाडीतल्या जनीची, हे त्याला विणीवरूनच कळलं. त्याने लाथेने बांध फोडला, खोईन पायाखाली चुरडली आणि त्याचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : "अंड्यांवर आलेला मासा खाणाऱ्यांनो, लाज वाटू द्या."

गावकीला निमित्तच हवं होतं. रविवारी शाळेच्या पडवीत बैठक लावली. जनीने यापुढे पऱ्यावर पाय ठेवायचा नाही, असा ठराव येणार होता. असला ठराव करायचा अधिकार गावकीला दिला कोणी, हे विचारणारा एकही मायेचा पूत निघाला नाही.

रविवारी सकाळी जनी महिपतच्या अंगणात आली. मोडकी खोईन तिने तुळशीपाशी ठेवली.

"महिपतदादा, हिचं तोंड कुटं व्हतं?"

"तोंडाचं काय घेऊन बसलीस, जने?"

"तोंडाचंच सगळं हाय. सांगा की. वरल्या अंगाला का खालल्या?"

त्याने मोबाईल काढून स्वतःचाच व्हिडिओ पाहिला. पाणी डावीकडून येत होतं. खोइनीचं तोंड डावीकडे, वरच्या अंगाला होतं.

"चढणीचा मासा वरनं येतो व्हय?" जनी म्हणाली. "आषाढात तो अंडी घालाया वर जातो. त्याला आमच्या घरात हात लावीत नायत. आजीपास्नं. अंडी घालून भादव्यात खाली येतो तो आमचा. आता तुमचे आषाढातले फोटो काढा."

त्याने काढले. त्याच्या दोन्ही मुठींत फुगल्या पोटाची खडस होती. खाली, त्याच्या मनगटावर, पिवळसर दाणे ओघळले होते. त्या दिवशी ते त्याला दिसले होते. चिखल समजून त्याने हात पँटला पुसला होता.

"सोडलात खरी. पन पिळून सोडलात."

सुनंदा दारात उभी राहून ऐकत होती. ती वळून आत गेली.

दुपारी पडवी भरली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर सुहास खोत, गावातला वजनदार माणूस. जनी पायरीशी उभी. ठराव वाचायच्या आधी महिपत उठला.

"खोईन उतरणीची होती. मला कळलं नाही. चढणीचा मासा मीच मारलाय, रिळाने. व्हिडिओ खोटा आहे."

कोणीतरी हसलं. "आता काय, पऱ्यावर महिपतला बंदी घालायची?"

सुहास म्हणाला, "चूक कबूल केलीन माणसाने. संपला विषय. ठराव राहू दे." लोक उठायला लागले. महिपतला हलकं वाटलं, अगदी घटकाभर.

"एक र्‍हायलं," जनी पायरीवरून म्हणाली. "आषाढात ह्याच पऱ्यावर सुहासभाऊंच्या तीन खोइनी व्हत्या, तोंडं खाली करून. महिपतदादा, तुमी रोज काठी घेऊन तिथनंच जायचात. त्या का नाय मोडलात?"

उठलेली माणसं तिथल्या तिथे थांबली. सुहास चप्पल शोधू लागला.

महिपतला उत्तर माहीत होतं. त्या खोइनी त्याने पाहिल्या होत्या आणि वाट बदलून तो पलीकडच्या काठाने गेला होता. आता नुसतं "लक्ष नव्हतं" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"सुहास मला उलटा बोलला असता," तो म्हणाला. "तू बोलणार नाहीस असं वाटलं."

"वाटलं व्हय," एवढंच जनी म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपत काठी न घेता पऱ्यावर गेला. जनी नवी खोईन लावत होती. फोडलेल्या बांधाचे दगड प्रवाहात विखुरले होते. तो पाण्यात उतरून ते एकेक उचलू लागला. तिने त्याला नको म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. त्याने चुकीच्या जागी ठेवलेला दगड ती काढायची आणि नीट बसवायची. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर त्याला मान वर करता आली असती.