भागीच्या डोक्याला लागलं तेव्हा

रुचिताताई मूळची सांगलीकडची. नवरा तारापूरच्या वीज केंद्रात लागला, तशी ती बोईसरला आली आणि कॉलनीमागच्या मैदानावर मुलींना कबड्डी शिकवू लागली. डोंगरातल्या पाड्यावरची भागी त्यांतली सर्वांत चपळ. घर लांब, म्हणून सरावापुरती ती ताईकडेच राहायची.

जिल्हा संघाच्या निवडीच्या आदल्या दिवशी सकाळी पकडीत एकीचा गुडघा भागीच्या कानशिलावर बसला. ती उठली, हसली, पुन्हा चढाईला गेली. पण परतताना मध्यरेषेकडे न येता भलतीकडेच धावली. ताईने खेळ थांबवला.

"काय नाय झालं, ताई. उद्या निवड हाय, मला बसवू नका."

खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टर हेतल मुंबईहून व्हिडिओ कॉलवर तपासत. मागे एका मुलीचा घोटा त्यांनीच सांभाळला होता. ताईने त्यांना फोन लावला.

"भागी, सफाळ्याला मागची मॅच कुणाशी झाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"केळव्याशी?" भागीने ताईकडे बघितलं. मॅच एडवणशी झाली होती, आणि जिंकून देणारा गुण हिचाच होता.

"आता पावलापुढे पाऊल लावून उभी राहा. डोळे मीट."

भागी डोलू लागली. ताईने धावत जाऊन तिला धरलं आणि तेवढ्यात स्क्रीनवरचं चित्र थिजलं. भागीला खाली बसवून ताई फोन उंच धरून रेंज शोधत मैदानभर फिरली. डॉक्टरांचा आवाज तुटत तुटत परत आला.

"उद्या खेळायचं नाही. एकटीला सोडू नका. उलटी झाली, डोकं जास्त दुखलं, गुंगी आली, तर थेट हॉस्पिटल. माझ्या फोनची वाट बघू नका."

"माझा बा बघायला येणार होता," एवढंच म्हणून भागीने तोंड फिरवलं.

घरी जाताना रिक्षातच तिला उलटी झाली. ताईने रिक्षा हॉस्पिटलकडे वळवली. वाटभर ती भागीला हाक मारत होती. ओ यायला उशीर झाला की तिचाच जीव जात होता.

आत स्कॅन चालू असताना ताईचा निरोप मिळून भागीचा बाप सुका येऊन पोचला. "ताई, पोर वाचंल ना?"

ताईने त्याला बाकावर बसवलं आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं.

मेंदूत रक्तस्राव नव्हता, पण मेंदूला हादरा बसला होता. निवड हुकली. भागी कित्येक दिवस ताईशी धड बोलली नाही. तरी डॉक्टरांच्या कॉलला मात्र गुमान बसायची. आधी नुसतं चालणं, मग पळणं, मग एकटीने चढाईचा सराव; प्रत्येक टप्पा डॉक्टर फोनवरून बघत. डोकं दुखलं की पुन्हा मागे.

पुढच्या निवडीत भागी संघात आली. पण तिची पकड झाली की ताई आजही श्वास रोखते आणि ती उठल्याबरोबर विचारते, "समोर कोण खेळतंय, सांग."

भागी वैतागते, पण उत्तर देते.