मामाजींची आडवी चकरी

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, भंडाऱ्याच्या बाजारात एकच मिजास होती: पितळेची कुठलीही वस्तू समोर ठेवा, ते टिचकी मारून सांगणार की ती काय आहे, कुठली आहे आणि किती वर्षं चुलीवर चढली आहे. निम्म्या वेळा ते ठोकून द्यायचे. पण इतक्या रुबाबात, की गिऱ्हाईक स्वतःच्याच भांड्याबद्दल शंका घेत घरी जाई.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. बपेऱ्याकडच्या एका बाईने आमच्या भांड्यांच्या दुकानातून पाण्याचा नवा गुंड नेताना जुन्या पितळेची मोड दिली. तिच्यात तळहाताएवढी एक चकरी निघाली. बाजूला शिंगाची मूठ, खाली वाकडा पाय, आणि गंमत अशी की चकरीचं चाक त्या पायावर आडवं वळायचं. मूठ फिरवली की क्रर्र आवाज यायचा.

मामाजींनी टिचकी मारली. पुन्हा मारली. मग चारचौघांत बोलून बसले, "आठ रोजात सांगतो. नाई सांगतलं तं यापुढं टिचकी मारणार नाई."

बाजाराला दुसरा उद्योग उरला नाही. शिंपी म्हणाला शिलाई मशीनचा भाग. तलाठी म्हणाला जमीन मोजायच्या फितीचा. पण ते चाक आडवं काहून वळते, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. मामाजी जेवताना चकरी ताटाशेजारी ठेवू लागले. सासूबाईंनी ती दोनदा चिंचेने घासली. आमच्या घरात पितळ दिसलं की ते घासलंच जाई, मग ते काय का असेना.

मला ती पहिल्याच दिवशी ओळखू आली होती. माझे बाबा लाखनीकडच्या एका तलावाकाठी विश्रामगृहावर चौकीदार होते. रविवारी एक साहेब तिथे मासे धरायला यायचा, त्याच्या काठीला अशीच चकरी होती. दोर लांब फेकायचा तर चाक आडवं, गुंडाळायचा तर सरळ. साहेब पाणी प्यायला गेला की काठी माझ्या हातात असे. आणि धरलेल्या मरळीचा वाटा आमच्या चुलीवर.

इथेच माझी गोची होती. सासर माळकरी. मामाजींच्या गळ्यात तुळशीची माळ. लग्न ठरवताना माझ्या मावशीने सांगून टाकलं होतं, "पोरीनं मासा पाहिला बी नाई." आता मी चकरी ओळखली तर मासाही पाहिला म्हणायचं, आणि पाहिला तर पुढचंही सगळं निघणार. म्हणून मी सात दिवस तोंडाला कुलूप लावलं. सुनेचं तोंड बंद आहे म्हणून सगळे खूश होते, ते वेगळंच.

आठव्या दिवशी दुपारी मी दुकानाच्या मागच्या खोलीत चहा घेऊन गेले. संध्याकाळी मोड भट्टीवर जाणार होती आणि त्याआधी बाजार जमणार होता. मामाजी एकटेच बसून मूठ फिरवत होते. नेहमी फुगलेली त्यांची छाती मला पहिल्यांदाच बसलेली दिसली, आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"मामाजी, मासे धरायची चकरी हाय ते. आडवं केलं का दोर फेकाले, सरळ केलं का गुंडाळाले."

"तुले कसं माईत?" सासूबाई दारातच उभ्या होत्या.

मी कपबशी घाईने खाली ठेवली. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग चकरीकडे.

"मीच सांगतलं तिले सकाळी," ते म्हणाले. "ध्यानात रायते का नाई, पाहून राहिलो होतो."

संध्याकाळी त्यांनी बाजाराला ती चकरी अशी काही समजावून सांगितली, जणू त्या साहेबाला मासे धरायला यांनीच शिकवलं होतं. चार दिवस हेच चाललं. श्रेय गेल्याचा मला रागही आला, खोटं कशाला बोलू?

चकरी मात्र भट्टीवर गेली नाही. दिवाळीनंतर मी माहेरी निघाले तेव्हा मामाजी एसटीपर्यंत सोडायला आले. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जड पुडा माझ्या पिशवीत टाकला.

"तुया बाबाले देजो. मोडीत घालाची वस्तू नोहे ते."

एसटी सुरू झाली तसे ते खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "आन् येतानी हात चिंचेनं धुजो. साबणानं वास जात नाई."

मी मान डोलावली. बस वैनगंगेचा पूल ओलांडून पुढे गेली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. साबणाने माशाचा वास जात नाही, हे त्यांना कसं माहीत? लाखनी येईपर्यंत मी तोंडाला पदर लावून हसत होते. त्या घरात मला एकटं वाटायचं, ते त्या दिवसापासून वाटेनासं झालं.